मेंढरांचं खोकं आन् नारळाचं पाणी

मी आन् माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हंजे घोंगडीला खळ लावणं. चिंचोक्याचं पीठ पाण्यात शिजवलं की त्याची चिकट पेज होती, तिला खळ म्हणतात. ती घोंगडीला चोळायची आन् दोघांनी दोन्हीकडून ताणायची, म्हंजे लोकर घट्ट बसती, पाऊस आत शिरत न्हाई. हे एकट्याचं काम न्हाई. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. ती लय जोरात वढायची. मी म्हणलं, "फाडती का काय?" ती म्हणाली, "तुमी ढिलं धरायलाव म्हणून मला वढावं लागायलंय." एवढंच बोलणं झालं. मंग घोंगडी बाभळीवर वाळत टाकली. उरलेलं पीठ तिनं फडक्यात बांधलं आन् म्हणाली, ही घोंगडी लेकीला, मंगलला न्यायची, पीठपण संगट न्यायचं. त्याच आठवड्यात तिला ताप आला. पालमच्या दवाखान्यात नेली. तिथून ती चालत परत आली न्हाई.

हे पहिलं सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात ती घोंगडी हाय.

मी चौथीपोतर शिकलेला मेंढपाळ माणूस. लिहायचा नाद मला कधी नव्हता. पण परभणीहून परत आल्यावर गावात जो तो इचारायला लागला, ती टीव्हीतली मेंढरं कशी हायेत, खरंच चालतेत का, तुजा जावई काय धंदा करतो. एकेकाला सांगून तोंड दुखलं. म्हणून लिहायला बसलो. ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावं.

पालम ते परभणी

मंगल आमची एकुलती एक लेक. तिचा नवरा दत्ता आमच्यातलाच, पण बापानं मेंढरं इकून शिकवलेला. विजेच्या कामाचा डिप्लोमा हाय त्याच्याकडं. सुशिक्षित बेकारांनी धंदा काढावा म्हणून सरकारनं त्याला परभणीच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा दिला, वीज सवलतीत दिली. तिथं तो खेळाची मशिनं करतो. लाकडी खोकं, आत टीव्ही, भायेर दोन दांड्या. रुपया टाकला की टीव्हीत खेळ सुरू. मुंबईहून अशी मशिनं येतात, त्यात इमानं एकमेकाला गोळ्या मारतात. दत्तानं मात्र आपल्या डोक्यानं खेळ बसवला. त्यात मेंढरं हायेत.

माघात एक दिवस पालमच्या दुकानदाराकडं मंगलचा फोन आला. दुकानदारानं माणूस धाडून मला बोलावून घेतलं. मंगल म्हणाली, "आबा, नवी मशीन तयार झालीय. वरून साहेब तपासायला यायलेत, त्याच्या आधी पूजा करायचीय. नारळ तुमच्या हातानं फोडायचा."

मी म्हणलं, "साहेब काय तपासतो?"

"हा धंदा उद्योग हाय का करमणूक, ते. उद्योग म्हणलं तर गाळा ऱ्हातो. करमणूक म्हणलं तर कुलूप."

"आन् कुलूप लागलं तर?"

मंग म्हणाली, "तर यांना पुण्याच्या कारखान्यात बोलावलंय, आबा."

पुणं म्हंजे वर्षातून एकदा दिवाळीला भेट. तिची आई गेली, आता लेकपण गेली तर या जिल्ह्यात माझं म्हणायला मेंढरंच. मी पुतण्याकडं मेंढरं सोपवली, घोंगडी खांद्यावर टाकली, पिठाची पुरचुंडी, चार भाकरी, ठेचा आन् पाण्यानं भरलेला पितळी चंबू घेतला आन् एस्टीत बसलो.

चंबू कामून, ते सांगतो. आमच्यात लेकीला लेकरू होईपोतर आईबाप तिच्या घरचं खात न्हाईत, पाणीसुदिक पीत न्हाईत. मंगलला अजून मूलबाळ न्हाई. म्हणून आमी दोघं तिच्याकडं कधी गेलोच न्हाई. मंगलची आई म्हणायची, नातू झाला की एकदम म्हैनाभर जाऊन ऱ्हाऊ, सगळं उसनं फेडून खाऊ.

गंगाखेडला गाडी आडली. विद्यापीठाच्या नामांतरासाठी रस्ता रोको होता. त्या वर्षांत हे नेहमीचंच, बाजूची माणसं आज, विरोधातली उद्या. गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं गाड्यांची ही रांग. खाली पात्रात पाणी कमी, वाळू जास्त, आन् वाळूत कलिंगडाचे वेल लावलेले. उतरून बसलो. एका मास्तरीण बाईला तहान लागली, तिला चंबूतलं दिलं. मंग तिच्या शेजारणीला. मंग कंडक्टर आला, म्हणाला, "बाबा, घोटभर." आंदोलनातला एक तरणा गडी घोषणा देऊन घसा बसवून आला, त्यालाबी पाजलं. गाडी हालली तवा चंबू उलटा केला तरी थेंब पडंना. आता लेकीच्या घरी जाऊन प्यायचं काय, हा इचार परभणीपोतर डोक्यात.

हापसा

परभणीत ज्वारी हुरड्याच्या पुढं गेलती. औद्योगिक वसाहत म्हणलं तर मला वाटलं, धुराडी असतील. तिथं बाभळी होत्या, तेलाची एक गिरणी होती, आन् बाकी पत्र्याच्या गाळ्यांना कुलपं. अर्ध्या कुलपांवर गंज. दत्ता म्हणाला, "मामा, गाळे सगळ्यांना मिळाले. पुढं काय करायचं ते कुणी सांगितलं न्हाई."

मंगल आईच्या वळणावर गेलीय. मला बघितल्यावर रडली न्हाई, खांद्यावरची घोंगडी काढून घेतली, नाकाला लावून वास घेतला आन् आत ठेवून आली. मंग भरलेला तांब्या घेऊन आली. मी चंबू पुढं केला. म्हणलं, "हापसा कुठंय?"

गाळ्याच्या मागं सरकारी हापसा होता. मी स्वतः हापसून चंबू भरला, तिथंच उभ्यानं पेलो. मंगल कमरेवर हात ठेवून बघायली.

"आबा, घरातलं पाणीबी याच हापशाचं हाय."

"आसंल. पण हंडा तुजा हाय. हापसा सरकारचा हाय. सरकारचं प्यायला मला बंदी न्हाई."

तिची सासू, म्हंजे आमच्या विहीणबाई, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायल्या. त्या म्हणाल्या, "पाव्हणं, रीत पाळणारं माणूस बरं. न्हाई तर आजकाल कोण पाळतंय." हे कौतुक होतं का टोला, ते मला त्या रात्री कळलं न्हाई. पूजेच्या दिवशी कळलं, टोला पुढं होता.

मानवत

साहेबाला यायला अजून वेळ होता. दत्ताला मानवतला एक मशीन दुरुस्त करायची होती आन् जिंतूरहून एक परत आणायची होती. त्यानं टेंपो भाड्यानं केला आन् मला पुढं बसवलं. सासऱ्याला घेऊन धंद्यावर जाणारा जावई मी पहिल्यांदा बघितला.

मानवत म्हंजे कापूस. बाजारात बैलगाड्या, टेंपो, ट्रॅक्टर, सगळे कापसानं फुगलेले. रस्त्यावर, तारांवर, म्हशीच्या शिंगावर कापूस. हर्रास व्हायला उशीर असला की शेतकरी जाणार कुठं? ते इस्माईलभाईच्या हॉटेलात जातात. इस्माईलभाईनं तिथं दोन मशिनी ठेवल्यात, एक मुंबईची, एक दत्ताची.

"आओ काका," इस्माईलभाई म्हणाले. पांढरी दाढी, पोटावर टॉवेल. "दत्ता के ससुर हो ना? बैठो. चाय पियो."

"पितो. पण पैसे मी देणार."

"कामून? दामाद कमाता है."

"म्हणूनच." मी त्यांना रीत सांगितली. जावयाच्या पैशाचा चहा म्हंजे लेकीच्याच घरचं पाणी. इस्माईलभाईनं ते सगळं नीट ऐकलं, दाढी कुरवाळली आन् म्हणाले, "तो फिर मेरी तरफ से पियो. मैं तो तुम्हारा दामाद नहीं ना." मला त्यात खोट सापडली न्हाई. पेलो. चहा चांगला होता, आलं जरा जास्त.

मुंबईच्या मशिनीपुढं गर्दी होती. तिथं इमानं धडाधड पडायली. दत्ताच्या मशिनीपुढं दोन म्हातारे शेतकरी आन् एक हमाल, असे तिघंच. पण ते तिघं हालत नव्हते. टीव्हीत काय दिसायलंय म्हणून मी वाकून बघितलं. हिरवी जमीन, तिच्यावर पांढरे ठिपके. कापसाची बोंडं म्हणलं तरी चाललं असतं. पण ते ठिपके चालायला लागले आन् मी आणखी वाकलो. कळप जसा सरकतो तसाच सरकला. एक थांबलं की मागची त्याच्यावर चढायली. एक चुकार बाजूला गेलं, त्याच्या मागं दोन गेली.

हमाल म्हणाला, "लांडगा आला की ही रांडीची एका जागी गोळा होतेत, हालतच न्हाईत."

मी म्हणलं, "खरीबी तशीच करतेत."

"तुमी राखता का?"

"जलमापासून."

"मंग धरा की दांडी."

खेळ दोघांचा हाय. एक दांडी पुढच्या माणसाची, तो वाट दाखवतो. एक मागच्याची, तो हाकतो. दत्तानं पुढची धरली, मी मागची. मी दांडी हालवायच्या आधी तोंडानंच हाकायला लागलो, "हुर्र, हुर्र, ट्यँ ट्यँ." सगळं हॉटेल हसायलं. मुंबईच्या मशिनीवरची माणसंबी इमानं सोडून इकडं बघायली. मेंढरं माझ्या तोंडाचं ऐकंनात, आन् हात माझं ऐकंना. दोन ओढ्यात गेली, पाच लांडग्यानं नेली, बाकीची कुठं गेली ते त्या टीव्हीलाच ठाऊक. शेवटी पुढं दत्ताचा माणूस एकटाच उभा ऱ्हायला, मागं माझा.

पुढं चालायचं काम आमच्यात मंगलच्या आईचं होतं. कळप घेऊन जाताना ती पुढं, डोक्यावर बिऱ्हाड, काखेत नवं जलमलेलं कोकरू. मी मागं. जलमभर मी तिची पाठच बघितली. त्या टीव्हीत पुढचं माणूस वळून बघत न्हाई, तेवढं दत्तानं बरोबर केलंय.

दत्तानं मशिनीची मधीमधी आडकणारी दांडी दुरुस्त केली. निघताना इस्माईलभाई मला म्हणाले, "काका, एक बात बोलू? मुंबई की मशीन को आजतक कोई पूछने नहीं आया. दत्ता के डब्बे पे दो बार नोटीस आई. कायकू? इसका पता मालूम है उनको. इधर का है ना." मंग हसून म्हणाले, "घर की मुर्गी."

वाटंत मी दत्ताला इचारलं, "मदत करणारंबी सरकार आन् नोटीस देणारंबी सरकार, हे कसं?"

तो म्हणाला, "मामा, एक खिडकी उद्योगाची, एक खिडकी करमणुकीची. दोघांची ओळख न्हाई. उद्योगाच्या यादीत पापड हाय, अगरबत्ती हाय, लाकडी सामान हाय. टीव्हीतला खेळ न्हाई. म्हणून गाळा मागताना मी लाकडी आन् विजेचं सामान असं लिहिलं. खोटं न्हाई ते. पण खरंबी न्हाई."

मी त्याला आमची एडक्यांची गोष्ट सांगितली. एका साली सरकारनं आमाला परदेशी एडके दिले, लोकर सुधारावी म्हणून. दिसायला राजा. पण त्यांना आमचं ऊन सोसंना, काटेरी चारा खाता येईना. चैत्रात एकामागं एक झोपले ते उठलेच न्हाईत. देणाऱ्या साहेबाचं मन चांगलं होतं, मी अजूनबी म्हणतो. पण त्यानं एडका दिला, सावली दिली न्हाई.

दत्तानं टेंपोचा गिअर बदलला. मंग म्हणाला, "आमाला सावली दिली, मामा. एडक्याला नाव द्यायचं ऱ्हायलंय."

जिंतूर

जिंतूरला डोंगर लागतो. आमच्याकडच्या माणसाला डोंगर दिसला की बरं वाटतं, मेंढरांना चढ मिळंल असं वाटतं. तिथं एस्टी स्टँडजवळ एका माणसानं दत्ताची मशीन घेतलती. त्याला सरकारी माणसानं करमणुकीचा परवाना मागितला, त्यानं घाबरून मशिनीवर चादर टाकली आन् वर कणकीचे डबे ठेवले. आमी गेलो तर त्याची बायको त्याच्यावर पोळ्या लाटायली.

दत्ता म्हणाला, "वहिनी, मशीन न्यायला आलोय."

"न्या की. पण वटा लय चांगला होता हो," ती बाई हळहळली. "उंचीला बरोबर."

मी बाजारातून माझ्या पैशानं मिरचीची भजी घेतली, दत्ताला दिली, मीबी खाल्ली. सासऱ्यानं जावयाला खाऊ घालायला कुठल्याच रिवाजात बंदी न्हाई. जिंतूरच्या भज्यात ओवा घालतेत, आमच्या पालमला घालत न्हाईत. ओव्याची बरी लागती. मशीन टेंपोत घालताना दत्ताची एकुलती एक चांगली पँट टेंपोच्या खिळ्यानं फाडली. त्यानं फाटलेलं टोक आत खोचलं. पण पुण्याचा इचार त्याच्या तोंडावर आला, तो मी बघितला. पुण्यात त्याला महिन्याचा पगार होता, फाटकी पँट नव्हती. माणूस जायला काय लागतंय?

नारळ

साहेब दुपारी येणार होता. सकाळी गाळा झाडला, मंगलनं शेणानं अंगण सारवलं, रांगोळी घातली. नवी मशीन मधोमध. सागाच्या रंगाचं खोकं, दोन दांड्या, वर वारा खेळायला जाळी. टीव्हीत मेंढरं आपली आपली चरायली, कुणी रुपया टाकला न्हाई तरी. दत्ता म्हणाला, साहेब आला की त्याला खेळायलाच लावणार. खेळला की त्याला कळंल, यात किती काम हाय ते. हा उद्योगच हाय म्हणून त्याला लिहावं लागंल.

मी हळद-कुंकू हातात घेतलं तवा विहीणबाई पुढं आल्या. "पाव्हणं, वाईट वाटून घेऊ नका. नव्या कामाची पूजा जोडप्यानं करायची आसती. एकट्यानं न्हाई. दत्ता-मंगल करतील."

मी ताट खाली ठेवलं. त्यांचं चूक नव्हतं. आमच्यातबी असंच हाय.

मंगल म्हणाली, "नारळ माझा बाप फोडंल."

"अगं, मी कुठं..."

"आत्याबाई, आई गेली म्हणून माझा बाप अर्धा झाला का?"

दत्तानं नारळ उचलला आन् माझ्या हातात दिला.

मी नारळ फोडला. आता आमच्याकडची रीत अशी, की नवं इंजिन आणलं, मोट बसवली, कडबा कापायचं चाफ-कटर आणलं, तर नारळाचं पहिलं पाणी त्या वस्तूवर शिंपडायचं. नुसतं पुढं फोडून भागत न्हाई, वस्तूला पाजावं लागतं. मी पाजलं. वरच्या जाळीतून.

आतून तळणीत भजं सोडल्यासारखा आवाज आला. मेंढरं एकदम पसरट झाली, मंग त्यांची एक रेघ झाली, मंग एक ठिपका. ठिपका थोडा वेळ ऱ्हायला. मंग तोबी गेला.

दत्तानं वायर ओढून काढली. मागची फळी उघडली. आत हिरव्या पट्टीवर नारळाचं पाणी चमकायलं. मंगल पळत जाऊन घोंगडी घेऊन आली. लोकर पाणी लवकर पिती, हे तिला आईनं शिकवलेलं. घोंगडीच्या टोकानं दत्तानं हळूहळू पाणी टिपलं. मी कोपऱ्यात उभा. हातात नारळाच्या दोन कवट्या. ते खोबरं परसाद होता, पण लेकीच्या घरचा होता, ते खावं का न खावं हेबी मला सुचंना.

"आत्ता लावायचं न्हाई," दत्ता म्हणाला. "लावलं तर जळंल. दिवसभर उन्हात वाळू द्यावं लागंल."

"साहेब दुपारी येणार," मंगल म्हणाली.

साहेबानं दुपारची वाट बघितली न्हाई. त्याच वक्ती, भायेर जीप थांबल्याचा आवाज आला.

साहेब

बारीक माणूस, चष्मा, घामानं पाठीला चिकटलेला सदरा. वरून आला होता पण आवाज मोठा नव्हता. अंगणातली रांगोळी चुकवून आत आला. दत्ताला म्हणाला, "काय बनवता?"

दत्ता खरं सांगायला लागला. "साहेब, हा खेळ हाय. मेंढरं राखायचा. आतलं सगळं मी बसवलंय. म्हंजे बघा, कळप कसा..."

"चालू करून दाखवा."

"आत्ता बंद हाय, साहेब. पाणी गेलंय."

"कसलं पाणी?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "नारळाचं. मी घातलं."

साहेबानं माझ्याकडं बघितलं, मशिनीवरच्या कुंकवाकडं बघितलं, त्या ओल्या घोंगडीकडं बघितलं. मंग खोक्याभोवती फिरला. बोटानं ठोकून बघितलं. "म्हणजे आत्ता या घडीला हे काय आहे?"

दत्ताचं तोंड उघडलं, पण शब्द विहीणबाईंचा आला. "कपाट हाय साहेब."

"कपाट?"

"बंद हाय म्हंजे कपाटच की. जिंतूरला एक बाई याच्यावर पोळ्या लाटायली." हे दत्तानं त्यांना रात्री जेवताना सांगितलं असणार.

साहेब हसला न्हाई. पण चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. "लाकूड चांगलं आहे. जोड चांगले आहेत. कोण सुतार?"

"मीच, साहेब," दत्ता म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. त्याला खोक्याचं कौतुक नको होतं.

साहेबानं कागद काढला, मांडीवर धरून लिहिलं. आन् लिहिता लिहिता, कुणाकडं न बघता म्हणाला, "चालू असतं तर मला खेळावं लागलं असतं. खेळलो असतो तर मजा आली असती. मजा आली असती तर करमणूक लिहावं लागलं असतं. तसा नियम आहे. लाकडी सामान म्हणून लिहितो. गाळा राहील."

मंगलनं भिंतीला हात लावला.

"आन् खेळाचं काय, साहेब?" दत्तानं इचारलं. "खेळ कुठं लिहायचा?"

साहेब उठला. "खेळाला रकाना नाही. मी वर कळवतो. कळवणं माझ्या हातात आहे, रकाना नाही." मंगलनं पुढं केलेलं खोबरं त्यानं घेतलं. दारात थांबून म्हणाला, "किती माणसांचा खेळ आहे?"

"दोघांचा."

"पुढच्या वेळी आलो तर सुट्टीच्या दिवशी येईन. चालू ठेवा." आन् जीपमध्ये बसून गेला.

तर गावकऱ्यांनी इचारलं ना, सरकारनं तुज्या जावयाला मदत केली का? केली. खोक्याला केली. खेळाला न्हाई. खेळाला मदत मिळंल तवा मिळंल. तोपोतर ज्याला वाटतं त्यानं मानवतला इस्माईलभाईकडं जाऊन एक रुपया टाकावा, आन् मागची दांडी धरताना तोंडानं हाकू नये, उपेग व्हत न्हाई.

दत्ता त्या दिवशी खूश नव्हता. मशीन उन्हात उघडी ठेवून तिच्यापुढं बसून ऱ्हायला. मला वाटलं, आता गाळा ऱ्हाऊनबी हा पुण्याला जातो. दिवस कलायला लागला तवा त्यानं वायर लावली. ठिपका आला. रेघ आली. मंग पांढरी पांढरी मेंढरं, चरायली. दत्तानं पुण्याबद्दल काय म्हणलं न्हाई. तो मंगलला म्हणाला, "वरची जाळी बाजूला घ्यावी लागंल. लोक नारळ फोडणारच." तवा मला कळलं, हा कुठं जात न्हाई.

विहीणबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "परसाद घरचा नसतो पाव्हणं, देवाचा आसतो." मंग जरा थांबून, "आन् जोडप्यानं फोडला आसता ना, तरी पाणी खालीच गेलं आसतं." मी खोबरं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माझी गाडी सुटायच्या आधी, मी घोंगडी हापशावर धुतली. नारळाच्या पाण्यानं तिचं टोक चिकट झालं होतं, खळ निघून गेली होती. मंगलच्या चुलीवर तिच्या आईनं बांधून दिलेलं पीठ शिजवलं. घोंगडी अंगणात पसरून खळ चोळली. मंग एक टोक मी धरलं, एक मंगलनं.

तिनं असं वढलं की माझे पाय सरकले.

"फाडती का काय?"

"तुमी ढिलं धरायलाव, आबा."

मी घट्ट धरलं. ऊन वर यायलं. घसा कोरडा पडला होता, आन् चंबू तिकडं हापशावर ऱ्हायला होता.

"मंगले, जरा पाणी दे प्यायला."

तिनं घोंगडी सोडली न्हाई. "चंबूतलं का हंड्यातलं?"

"हंड्यातलं," मी म्हणलं.